पिवळीचं पाणी

८ सप्टेंबर, रविवार
लेपर्ड गेको घेतला. पाल म्हणायचं नाही, असं लेकीने बजावलंय. वय दीड महिना, लांबी चष्म्याच्या काडीपेक्षा कमी. लेकीने नाव ठेवलं पिवळी.
लेक आईकडे राहते. दर रविवारी माझ्याकडे यायचं ठरलेलं. पण गेले दोन महिने कधी क्लास, कधी मैत्रिणीचा वाढदिवस, कधी पोटदुखी. आज दहाला हजर! गेली सातला. अर्थात गेको काही त्यासाठी घेतला नाही. मला लहानपणापासूनच प्राण्यांची आवड आहे. (कुत्र्यांना घाबरतो, ते वेगळं.)
जाताना तिने काचेच्या पेटीवर कागद चिकटवला. रोज पाच-सहा लहान रातकिडे, कॅल्शियमची पावडर लावून. पाणी रोज बदल. तिच्या लपायच्या डब्यातला ओला कागद वाळू देऊ नकोस, नाहीतर कात निघत नाही.
एवढंच? मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो. पाव नंबर चुकला तर माणूस जिन्यावरून पडतो. मला हे जड नाही.

९ सप्टेंबर
सकाळी ६ला उठून पाणी बदलायचा ठराव.
८.४०ला उठलो. पाणी स्वच्छच दिसत होतं.

१० सप्टेंबर
रातकिडे आणले. दुकानदार म्हणाला, तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढेच घ्या. मी मोठे घेतले. सहा लहान म्हणजे दोन मोठे. डोकं चालवलं की काम निम्मं होतं.
पिवळी दगडामागे पळाली. एक रातकिडा तिच्या डब्यावर घरमालकासारखा बसलाय.

१२ सप्टेंबर
पावडर लावताना चार निसटले. फ्रिजमागे आहेत. ऐकू येतात.

१५ सप्टेंबर, रविवार
सकाळीच सगळं घासून-पुसून लख्ख केलं. लेक म्हणाली, "बाबा, हिची शेपटी बारीक झालीय का?" मी म्हटलं, वाढीच्या वयात होतं तसं. ती हसली नाही. येताना लहान किडे घेऊन आली होती. चिमट्याने भरवले, पिवळीने पाचही खाल्ले.
म्हणजे भूक उत्तम आहे. माझं काही चुकत नाहीये.

१८ सप्टेंबर
एकशे चाळीस काचा. डोळ्यांची आग. घरी येऊन पाठ टेकली ती टेकलीच. लेकीचा फोन: "खाल्लं का?" हो म्हटलं. मी खाल्लं होतं.

२० सप्टेंबर
पिवळी पांढरी पडलीय. कात टाकणार! चांगलं लक्षण. डब्यातला कागद पत्र्यासारखा कडक झालाय. ओला करायला उठलो. फोन वाजला. बोलून झाल्यावर बसलो.

२२ सप्टेंबर, रविवार
वाईट दिवस.
लेकीने पेटीत पाहिलं. पिवळीचे डोळे खोल गेलेले, बोटांवर कात घट्ट आवळलेली. लेकीने आधी पाण्याची वाटी धुतली, मग म्हणाली, "डॉक्टरकडे चल."
डॉक्टरीणबाई तरुण. विचारलं, "पाणी कधी बदललं?" मी म्हटलं, नियमित. "नियमित म्हणजे?" म्हटलं, गुरुवारी. कोणत्या गुरुवारी ते विचारलं नाही.
पिवळीला कोमट पाण्यात ठेवलं, ओल्या कापसाने कात काढली. एक बोट बहुतेक जाईल. "एवढं पिल्लू आठवडाभर उपाशी-तहानलेलं? सांभाळतं कोण?"
मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक म्हणाली, "मी. माझी चूक झाली."
मी फी किती ते विचारलं. डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा.

२४ सप्टेंबर
रजा घेतली. लहान किडे, पावडर, ओला कागद, ताजं पाणी, सगळं केलं. पेटीसमोर बसून राहिलो. तिने वाटीत तोंड घातलं, नाकावर थेंब आला. जिभेने चाटला. मग पुन्हा.
प्यायली! लेकीला व्हिडिओ पाठवायचा होता. काढायचाच राहिला.

२६ सप्टेंबर
कामावर गेलो. फार थकलो. परवा तिने भरपूर खाल्लं होतं.

२७ सप्टेंबर
कालच्यासारखंच.

२९ सप्टेंबर, रविवार
लेक आली, बरोबर तिची आई. लेकीने डब्यातला कागद बोटाने दाबून पाहिला. कोरडा. "मी हिला तिकडे नेते बाबा," म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, मीच सुचवणार होतो. पेटीच्या हीटरची वायर गुंडाळून दिली. पेटी जड होती, तिघांनी मिळून खाली नेली. तिची आई म्हणाली, "तू जेवतोस ना वेळेवर?" हो म्हटलं.
टेबलावर पेटीच्या आकाराची जागा धुळीशिवाय राहिलीय.

६ ऑक्टोबर, रविवार
दहा वाजले. अकरा. साडेअकराला मीच फोन केला. लेक खुशीत होती. पिवळी रोज सहा खाते, शेपटी भरली, बोट वाचलं. फार बरं वाटलं, खरंच.
विचारलं, आज येतेस ना? ती म्हणाली, "आज कशाला बाबा? पिवळी तर इथेच आहे."
मी म्हटलं, तेच सांगायला फोन केला. आता मला रविवारीही कामावर जावं लागणार आहे.
उद्या साहेबांना विचारायला हवं, चष्म्याचं दुकान रविवारीही उघडता येईल का.