वरच्या चौकोनात दादा

३ मार्च, मंगळवार

जमलं! बसची तिकिटं मी काढली. मी, एकटीने, कॉम्प्युटरवर. मागे उभं राहून "तिथे नाही, तिथे नाही" म्हणायला कुणी नव्हतं, कारण आमचे वॉरंटीसाहेब केस कापायला गेले होते.

नवऱ्याला हे नाव वहिनीने ठेवलेलं. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा खोका, पावती आणि माहितीपत्रक जपणारा माणूस. बावीस वर्षांपूर्वीच्या इस्त्रीचा खोका अजून माळ्यावर आहे. इस्त्री केव्हाच भंगारात गेली.

एकवीस तारीख, दोन माणसं, खिडकीची जागा. शेवटचं बटणही मीच दाबलं. मग छापून काढलं आणि फ्रिजच्या दारावर लावलं — येता-जाता दिसायला.

दादाला काही कळवायचं नाही. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तो एकदाही आमच्याकडे आलेला नाही. बोलावलं तर "बघू". आम्ही येतो म्हटलं तरी "बघू, घाई काय आहे". त्या तीन खोल्यांत एकटा बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतो. अशाने माणूस खचतो. म्हणून सरळ दारातच जाऊन उभी राहणार आणि महिनाभरासाठी त्याला उचलून आणणार. दारात आलेल्या सख्ख्या बहिणीला काय "बघू" म्हणेल?

५ मार्च, गुरुवार

लेकीने तिच्या घरी बसून आमचा कॉम्प्युटर साफ केला. पडद्यावर बाण आपला आपण फिरतोय — भूत संचारल्यासारखा! "आई, माउसवरचा हात काढ." काढला. तरी बोटं शिवशिवतच होती.

नऊशे नको असलेले फोटो निघाले. त्यातले सातशे वॉरंटीसाहेबांचे, वस्तूंच्या मागच्या लेबलांचे. मिक्सरचा पार्श्वभाग सहा बाजूंनी! लेक म्हणाली, "बाबांनी माझे लहानपणी एवढे काढले नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "तुला सिरियल नंबर नव्हता."

"तिकिटं एकदा बघू का?" लेकीने विचारलं. नको म्हटलं. चार वेळा तपासलीत. तीस वर्षं टपालखात्यात पार्सलं घेतली, एकही चुकीच्या गावी गेलं नाही!

८ मार्च, रविवार

बॅग खरेदी. दीड तास. साहेबांनी दुकानातली प्रत्येक बॅग फरशीवर फिरवली, उचलली, आपटली, एकीवर तर बसून पाहिलं. दुकानदार आधी हसत होता, मग हात जोडून म्हणाला, "काका, माझ्यावर बसा पण तिच्यावर नको." शेवटी चार चाकांची निळी घेतली. घराकडच्या उतारावर ती हातातून सुटली आणि आमच्या आधी फाटकाशी पोचली. खरोखर चांगला माल आहे.

वहिनी असती तर हसून हसून बेजार झाली असती. टपालात आम्ही दोघी एकाच टेबलावर होतो. ती माझी मैत्रीण आधी, वहिनी नंतर. दादासाठी मीच हेरली होती तिला. दोन वर्षांपूर्वी मावशीने तिच्या घरी दादापाशी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा मी मावशीला असं काही झापलं की पुन्हा ब्र काढला नाही तिने. वहिनीची जागा घेणारी अजून जन्माला यायची आहे, म्हटलं. दादा समोरच होता. बरोबरच केलं मी.

११ मार्च, बुधवार

धरणीमाते, पोटात घे!

वॉरंटीसाहेब दूध काढायला फ्रिजशी गेले आणि सवयीप्रमाणे तिकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसले. मग दूध हातात तसंच धरून म्हणाले, "अगं, ही बस दादाच्या गावाहून सुटते. आणि इथे पोचते."

शक्यच नाही म्हटलं. चष्मा लावला. शक्य होतं.

कसं झालं ते लगेच कळलं. पार्सलाच्या फॉर्मवर वरच्या चौकोनात ज्याला मिळायचं तो, खालच्या चौकोनात पाठवणारा. तीस वर्षं! तिकिटाच्या पानावरही एकाखाली एक दोन चौकोन होते, पण वर 'कुठून' आणि खाली 'कुठे'. मी डोळे झाकून वर दादाचं गाव टाकलं आणि खाली आपलं. आणि चार वेळा तपासलं ते त्याच हिशेबाने. चार काय, चाळीस वेळा तपासलं असतं तरी मला ते बरोबरच दिसलं असतं.

साहेब हसले नाहीत. त्यामुळे जास्तच रडू आलं.

१२ मार्च, गुरुवार

बस कंपनीला फोन. "तिकीट रद्द होणार नाही, तारीख बदलणार नाही. प्रवाशाचं नाव तेवढं बदलता येईल." त्या दिवशीच्या इकडून जाणाऱ्या गाड्या भरल्यात. नंतर साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणजे दोन महिने निघणं नाही.

शेवटी दादाला फोन करून सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "म्हणजे तू स्वतःलाच पार्सल केलंस, आणि तेही माझ्या गावाहून?" आणि हसला. खो खो हसला, खोकला, पुन्हा हसला! चार वर्षांत त्याचं असं हसू ऐकलं नव्हतं. बावळटपणाचं सार्थक झालं.

लोखंड तापलेलं बघून म्हटलं, "मग तूच ये ना त्या तिकिटावर."

"बघू," म्हणाला.

१३ मार्च, शुक्रवार

फोन नाही.

१४ मार्च, शनिवार

सकाळी मी दात घासत असतानाच दादाचा फोन. "नाव बदलता येतं म्हणालीस ना?"

"हो."

"दोन्ही तिकिटांवर?"

"दोन्ही. दुसरं कोण?"

"ते माझं मी टाकतो. तू फक्त नंबर दे."

येतोय! दादा येतोय! दुसरं तिकीट त्याच्या बुद्धिबळवाल्या मित्राला देणार असेल. तो चष्मेवाला भयंकर घोरतो म्हणे. घोरू दे. दोन घोरणारे आणायला सांगितले असते तरी हो म्हटलं असतं. साहेबांना मिठी मारली, तर टूथपेस्ट त्यांच्या शर्टाला लागली. ते डाग काढायच्या द्रावणाची बाटली घेऊन तिच्यावरच्या सूचना वाचायला लागले.

१८ मार्च, बुधवार

बाहेरची खोली दोघा पुरुषांसाठी तयार. दादाला पलंग, चष्मेवाल्याला हवा भरायची गादी. साहेबांनी तिचं अकरा पानी माहितीपत्रक मोठ्याने वाचलं. हवा भरली, गादी फुगली, दारातून बाहेर निघेना. हवा सोडली, बाहेरच्या खोलीत नेली, पुन्हा भरली. पान चारवर तसं लिहिलेलंच होतं म्हणे.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज वीस वर्षांनी लहान झालाय." झालाच आहे.

२० मार्च, शुक्रवार

उद्या! पडदे धुतले. वहिनीचा फोटो पुसून कपाटावर पुढे आणला, दादाला बरं वाटेल.

२१ मार्च, शनिवार

दादा बसमधून उतरला. मग वळून त्याने वर हात दिला आणि एक बाई उतरल्या. केस पांढरे, गुडघा जरा दुखरा. दादाच्या खालच्या मजल्यावर राहतात, गाणं शिकवतात. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमचं जमून दोन वर्षं झाली. मावशीला तू तेव्हा बोललीस ना, मग मला सांगायचा धीरच झाला नाही."

दोन वर्षं! तो एकटा नव्हताच. त्याचं दार मीच बंद केलं होतं, आणि बाहेर उभी राहून हाका मारत होते. वहिनी आठवली, खूप आठवली. त्या बाई बॅग घट्ट धरून उभ्या होत्या, निकाल ऐकायला उभं केल्यासारख्या. मी बॅग त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "चला वहिनी, थकला असाल."

दादा तिथेच फुटपाथवर बसला आणि रडला.