खाऱ्या तळ्याचे सोळा डबे

मी, हेस्टर रूथ स्क्लार, वय एक्याऐंशी, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, धंद्याने अ‍ॅनिमेशन चित्रपटांची निर्माती आणि एकोणीस वर्षे क्रॉफर्ड-लेन स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशन विभागाची प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न मात्र झाला, त्याचा समाचार पुढे योग्य जागी घेतला आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी घाबरलेली असताना केली होती.

आडपडदा न ठेवता सांगते: हे मृत्युपत्र माझ्या गॅरेजातल्या फ्रिजमध्ये असलेल्या सोळा डब्यांसाठी आहे. बाकी सगळे ओघाने आले आहे.

कलम १. राहते घर, मागच्या लिंबाच्या झाडासह, माझी मुलगी नेओमी हिला. नेओमी सॅक्रॅमेंटोला शाळेत रसायनशास्त्र शिकवते, वर्षातून एकदा सिनेमाला जाते आणि अर्ध्यात झोपते. या घरात बोललेली प्रत्येक गोष्ट सिनेमाबद्दल होती. आता जरा दुसरे काही बोलले जावे.

कलम २. बचतीचे तीन भाग करावेत. एक नेओमीचा, एक माझा मुलगा एलियट याचा आणि एक निवृत्त चित्रकारांच्या संघटनेच्या मदतनिधीचा. एलियट आज त्याच क्रॉफर्ड-लेनमध्ये उपाध्यक्ष आहे. त्याच्यावर माझा राग आहे. पण राग आणि वारसा या दोन वेगळ्या पेट्या आहेत, आणि एकीची किल्ली दुसरीला लावू नये. संघटनेच्या भागावर कोणी नाक मुरडू नये. माझे वडील पॅटरसनच्या रेशीम गिरणीत विणकर होते आणि रविवारी चौकात खोक्यावर उभे राहून भाषणे करत. पोलिस आले की खोके उचलून पुढच्या चौकात जात. मला त्यांच्याकडून आवाज मिळाला, घर नाही. तोट्यात मी पडले नाही.

कलम ३. अकरा कुंचले, एक स्टॉपवॉच आणि खालून उजेड येणारे चित्रकामाचे टेबल हे ज्या कोणा नव्या मुलीला संघटना योग्य समजेल तिला. मुलीलाच. सत्तावन्न साली मी स्टुडिओत लागले तेव्हा आम्ही एकशे चाळीस बायका वेगळ्या इमारतीत बसून पुरुषांनी काढलेल्या रेषांत रंग भरत असू. पेन्सिल मागायला गेले तेव्हा मुकादम हसून म्हणाला, "पोरी, लग्न होईपर्यंत रंग भर. नंतर नवऱ्याच्या भिंती रंगव." मी लग्न केले, भिंती रंगवल्या, आणि बावीस वर्षांनी त्या मुकादमाच्या निवृत्तीच्या कागदावर विभागप्रमुख म्हणून सही केली. त्याला पेन्सिलचा एक डबा भेट दिला. नवा कोरा.

कलम ४. दिवाणखान्यातला पुरस्काराचा सोनेरी पुतळा एलियटला. लहानपणी तो पुतळ्याकडे माझ्यापेक्षा जास्त बघत असे. याच कलमात हेही नोंदवते की गॉर्डन प्रुइट, स्टुडिओचे तेव्हाचे अध्यक्ष, यांना मी माफ केलेले नाही. ते वारले आहेत. त्याने माझ्या मतात फरक पडलेला नाही.

कलम ५. आता डबे.

शहाऐंशी साली आम्ही 'खारं तळं' हा चित्रपट केला. शहराने नळ टाकून एका तळ्याचे पाणी पळवले, सगळे पक्षी उठून गेले, आणि एक म्हातारी बगळी जायला तयार नाही, एवढीच गोष्ट. आमच्या धंद्यात चित्रे पुरी व्हायच्या आधी इमारतीतल्याच कोणाकडून संवाद बोलून घेतात. तो कच्चा आवाज. त्यावर रेखाटने बेततात, मग नामवंत नट येतो आणि कच्चा आवाज फेकला जातो. बगळीचा कच्चा आवाज रमोना ताफोया हिचा होता. रमोना रंगवलेला प्रत्येक ताव उजेडाला धरून धूळ आणि डाग शोधायची. डाग सापडला की तिचा आवाज दोन मजले वर ऐकू येई, म्हणूनच आम्ही तिला बोलावले. रंगांच्या कोठीत भिंतींना गाद्या टेकवून ध्वनिमुद्रण केले.

दिग्दर्शक म्हणाला, "रमोना, जरा दुःखी होऊन म्हण."

"दुःखी कशाला? ती काय पाहुणी आहे? तिचंच तळं आहे," रमोना म्हणाली, आणि मग ते वाक्य बोलली: "पाणी गेलं म्हणून मी जायचं? पाण्याला जाताना लाज नाही वाटली, मग मला राहायला का वाटावी?"

दोन वर्षे माझ्या चित्रकारांनी त्या आवाजावर बगळीची मान, चोच, पापणी बेतली. ती बगळी रमोनाच होती.

चित्रपट पुरा होत आला तेव्हा प्रुइटने मला बोलावले. "हेस्टर, जाहिरातीवर रंग तपासणाऱ्या बाईचं नाव टाकू का मी? नटी ठरली आहे. नाहीतर चित्रपट कपाटात जाईल आणि तुझी दोनशे माणसं रस्त्यावर. तूच ठरव."

मी ठरवले. सही केली. नटी आली, चांगली बाई होती, तिने ते वाक्य रडून म्हटले. दोनशे माणसांच्या चुली पेटत्या राहिल्या आणि त्या सहीची मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. स्टुडिओत वाईट बातमी कोणी स्वतः सांगत नाही. प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने सांगितली असेल. मला वाटले दिग्दर्शक सांगेल. त्याला वाटले मी सांगेन. रमोनाला कोणीच सांगितले नाही. आमच्याकडे चित्रपट बाहेर पडण्याआधी पहिला खेळ काम करणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा असतो. रमोना आई, बहिणी, भाचरे अशा अकरा जणांना ठेवणीतल्या कपड्यांत घेऊन आली. बगळीने चोच उघडली आणि भलतीच बाई बोलली. शेवटी नावांच्या लांबलचक यादीत रंगतपासनिसांत रमोनाचे नाव आले तेव्हा त्या अकरा जणांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या ऐकल्या आणि बाहेर पडले.

त्याच आठवड्यात मी मागच्या आवारातल्या कचऱ्याच्या पेटीतून फिल्मची कच्ची प्रत उचलली. आठ डबे रेखाटनांचे, आठ रमोनाच्या आवाजाचे. फाटकावरचा पहारेकरी चिठ्ठीशिवाय खडूसुद्धा बाहेर सोडत नसे, म्हणून चिठ्ठी करून घेतली: "तात्पुरते साहित्य, निरुपयोगी, टाकून द्यावे." खाली प्रुइटची सही. त्याने वाचली नव्हती. तो काहीच वाचत नसे. ती चिठ्ठी सोबत जोडली आहे. तेहतीस वर्षे मी ते डबे थंड ठेवले. फिल्म उबेत राहिली तर आधी सिरक्याचा वास मारते आणि मग मरते. माझ्या डब्यांना वास नाही.

गेल्या रविवारी एलियट न्याहारीला बेगल पाव घेऊन आला. बेगलखाली वकिलाचे पत्र होते.

"आई, ते डबे स्टुडिओचे आहेत."

"असं? मग इतकी वर्षं तुझा स्टुडिओ कुठे झोपला होता?"

"'खारं तळं' नव्यानं प्रदर्शित होतंय. कोणीतरी लिहिलंय की पहिला आवाज वेगळा होता. लोक विचारतायत."

"मग ऐकवा लोकांना."

"तसं नाही होत गं. नटीच्या वारसांबरोबर करार आहे. बगळीचा एकच आवाज असला पाहिजे. डबे आले की त्यांची…"

"बोल. त्यांची काय?"

"विल्हेवाट लागेल."

"तू दहा वर्षांचा असताना मी तुला त्या कोठीत नेलं होतं. तू गादीवर बसून ऐकलंस. घरी येऊन आठवडाभर बगळीसारखा बोलत होतास."

"आई, मी तिथे नोकरी करतो."

"मीही करत होते. म्हणून तर सांगते."

तो पत्र ठेवून गेला. बेगल मी खाल्ले. बेगलचा काही दोष नव्हता.

माझा वकील सांगतो की पत्र्याचे डबे माझे, पण आतल्या चित्राचे हक्क त्यांचे. थिएटरात खेळ लावता येणार नाही, विकता येणार नाही. कबूल. पण कागदावर ज्याला तुम्ही कचरा म्हटलेत, तो लोकांनी मागताच तुमचा खजिना झाला? ज्या बाईचा आवाज तिच्या आईपासून लपवलात, तो आता ती मरेपर्यंत तिच्यापासूनही लपवायचा? मी हे होऊ देणार नाही. माझ्या मृत्यूनंतर सोळाही डबे रमोना ताफोया, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पकोइमा, यांना द्यावेत.

(वरील मजकूर मंगळवारी लिहून झाला. पुढचा आज, शुक्रवारी, जोडत आहे.)

रमोनाला फोन करून कलम पाच वाचून दाखवले. आमचे तेहतीस वर्षांत नाताळच्या पत्रांपलीकडे बोलणे नव्हते. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"तू मेल्यावर? हेस्टर, तुझी आई शंभर वर्षं जगली ना?"

"शहाण्णव."

"तेच ते. मी काय तोवर रांगेत उभी राहू? आणि तुझा मुलगा कोर्टात गेला की ते डबे न्यायाधीशाच्या कपाटात. मी येते."

दुपारी ती स्वतः ट्रक चालवत आली. मी चहा विचारला. तिने तो नाकारून खुर्ची ओढली.

"आधी एक सांग. त्या दिवशी तू कुठे बसली होतीस?"

"मागे. दाराजवळ."

"पळायला सोपं."

"हो."

"माझी आई अंधारात सारखी विचारत होती, 'बाळा, तू कधी बोलणार?' दिवे लागेपर्यंत विचारत होती. मी म्हणत होते, थांब आई, आता येईल."

मी संपात ट्रकवर उभी राहून दोन हजार माणसांपुढे बोलले आहे. संचालकांच्या सभेत टेबलावर हात आपटून तीन चित्रपट वाचवले आहेत. सगळी भाषणे करून झाली, आणि हे एक वाक्य राहून गेले होते.

"तुला मी सांगायला हवं होतं, रमोना. स्वतः येऊन. माझं चुकलं."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, जणू उजेडाला धरून डाग शोधत होती.

"बरं," ती म्हणाली. "गॅरेजची किल्ली दे."

सोळा डबे आम्ही चौघांनी उचलले: आम्ही दोघी, शेजारच्या आराक्सी मनुक्यान आणि पार्श्वभूमी रंगवणारे माझे जुने सहकारी टेड वकाबायाशी. आराक्सीबाईंनी पाच उचलले आणि आम्हा तिघांना म्हाताऱ्या कोंबड्या म्हटले. टेडलाही.

म्हणून कलम ५ मधले मंगळवारचे शेवटचे वाक्य मी खोडले आहे आणि शेजारी सही केली आहे. क्रॉफर्ड-लेनच्या वकिलांनी नोंद घ्यावी: माझ्या मालमत्तेत एकही डबा नाही. मी धडधाकट असताना, दिवसाढवळ्या, साक्षीदारांसमोर, तुमच्याच अध्यक्षाने कचरा ठरवलेली वस्तू मी तिच्या खऱ्या मालकिणीला भेट दिली. माझ्याशी भांडायचे असेल तर मी जिवंत आहे, पत्ता वर दिला आहे आणि आवाज अजून शाबूत आहे.

कलम ६. अंत्यविधी साधा असावा. स्टुडिओतून फुले आल्यास परत पाठवावीत. एलियटने बोलू नये. त्याने नेओमीशेजारी बसावे.

कलम ७. टेडकडे संकलनाचे जुने टेबल आहे, ज्यावर चित्र आणि आवाज बरोबर चालतात. त्याचा पडदा वहीएवढा आहे, त्यामुळे सगळ्यांना खेटून बसावे लागेल. उद्या शनिवारी सकाळी अकरा वाजता रमोना तिथे डबे घेऊन येणार आहे. त्या अकरा जणांपैकी चौघे हयात आहेत, चौघेही येत आहेत. एलियटला मी निरोप ठेवला आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. त्याआधी माझे काही बरेवाईट झाले, तर हे मृत्युपत्र सोमवारी उघडावे. माझ्यासाठी कोणीही खेळ थांबवू नये.

हे सर्व मी वाचले, समजले, आणि यातला एकही शब्द मागे घेत नाही.

हेस्टर रूथ स्क्लार

आम्ही दोघांनी हेस्टरबाईंना आमच्यादेखत सही करताना पाहिले. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि आम्हाला घाई करत होत्या.

साक्षीदार: आराक्सी मनुक्यान, बरबँक
साक्षीदार: टेड वकाबायाशी, ग्लेंडेल

स्थळ: बरबँक, कॅलिफोर्निया
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१९