रोज वीस शब्द

३ जून
आज वीसच्या वीस पाठ! ‘मेटिक्युलस’ म्हणजे काटेकोर. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश. क्लासच्या मॅडम म्हणतात, ‘गुड’, ‘नाइस’ लिहाल तर मार्क जातील. म्हणजे मागच्या वेळी अर्ध्या मार्कानं गचकले, त्याचं खापर ‘गुड’वर!
इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात हवेत. साडेसहा मिळाले होते. सात मिळाले की व्हिसा, व्हिसा मिळाला की नवरा. तीन वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन. मला कंटाळा आलाय फोनवर संसार करायचा.

५ जून
दातांच्या लॅबमध्ये, कामाच्या टेबलासमोर शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. हातात कुणाची तरी कवळी, तोंडात ‘अ‍ॅम्बिग्युअस’ म्हणजे संदिग्ध. पुटपुटत घासत बसले आणि एक दाढ जास्तच घासली गेली! मालक ओरडले — “बाई, परीक्षा तुमची, चावायचं पेशंटनं!” दाढ पुन्हा बसवली. वहीभर प्लास्टरची बोटं.

६ जून
सासूबाईंनी परीक्षा घेतली. त्या मराठी अर्थ वाचतात, मी इंग्रजी शब्द सांगायचा. बरोबर की चूक त्यांना कुठे कळतंय! मी अडखळले की “पुढे चला, पुढे चला” — कंडक्टरसारखं. हसून हसून मेले.

१० जून
कंटाळा. सातच शब्द.

१४ जून
तोंडी परीक्षेचा सराव. मॅडमनी विचारलं, घरी कोण कोण? मी झोकात — ‘माय एस्ट्रेंज्ड हजबंड लिव्ह्ज अब्रॉड.’
मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळूच, “सॉरी हं, मला माहीत नव्हतं.” काय माहीत नव्हतं? ‘स्ट्रेंजर’ म्हणजे परका माणूस, तर ‘एस्ट्रेंज्ड’ म्हणजे परक्या मुलखात गेलेला — जुळतं की नाही? अर्थ निघाला, मन तुटून वेगळा झालेला! अख्खा क्लास फिदीफिदी. मीही हसले. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ जून
नवऱ्याला फोनवर हीच गंमत सांगितली. नवरा वेगळा झालाय असं बोलून बसले म्हटलं, भर वर्गात! हसला नाही. म्हणाला, “कुणी सांगितलं तुला?”
कुणी म्हणजे? मॅडमनी! शब्दाचा अर्थ त्यांनीच सांगितला ना! मग म्हणाला, आवाज तुटतोय. मला तर चांगला खणखणीत येत होता.

१६ जून
कुणी सांगितलं म्हणजे काय? एक शब्द डोक्यात शिरत नाहीये.

२१ जून
नवरा म्हणतो, परीक्षा पुढे ढकल, घाई काय आहे. तीन वर्षं ‘लवकर कर’ म्हणून डोकं खाल्लं, तोच हा माणूस! सासूबाईंना सांगितलं. एरवी त्यांच्या तोंडाला खीळ नसते, पण आज भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू परीक्षा दे. तुझ्यासाठी दे.”
भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

२८ जून
परीक्षा झाली. बरी गेली. ‘गुड’ दोनदा लिहिलं. मुद्दाम!

१२ जुलै
साडेसात!! आधी त्यालाच फोन लावला. एका बाईनं उचलला. तो अंघोळीला गेलाय, कोण बोलतंय म्हणून सांगू — इंग्रजीत विचारलं तिनं, अगदी गोड. सगळं समजलं. एकही शब्द अडला नाही.
मीही इंग्रजीतच सांगितलं — त्याची बायको.