दाराला तेल नको

अहो,

मी दहिवलीला ताईकडं चाललेय, परवा येईन. नारळाचं तेल कालच कढवून, गाळून बाटलीत भरलंय. थंडीनं गोठलं तर बाटली उन्हात ठेवा, चुलीवर नको. घावनं काढाल तर तव्याला नारळाच्या शेंडीनं हेच तेल पुसा, म्हणजे चिकटणार नाय. दर्शना खोपोलीच्या कंपनीतून आली की टाचांना लावायला तिला वाटीत काढून द्या. कामाच्या अख्ख्या पाळीत उभी असते, भेगा पडल्यात. तिच्या डोक्याला मी आल्यावर लावीन, तुमचा हात जड हाय.

आणि तुमी दाराच्या बिजागरीला गुपचूप तेल घालता, ते मला ठाऊक हाय. पोरगी रात्री उशिरा येते ते आळीत कुणाला कळू नये म्हणून ना? ते सगळं मी साबणाच्या पाण्यानं धुऊन काढलंय. दार करकरू दे. आपली पोर चोरून येत नाय, मशीन चालवून येते. कुणी विचारलं तर मान वर करून सांगा, आमची दर्शना कामावरून आली.

दर्शनाची आई