कवयित्रीच्या दगडाचा कौल

तै महिना, तारीख ४, शुक्रवार

लिही गं तेन्मोळी. आणि चार बुकं शिकलेली सून आहेस म्हणून माझं बोलणं नीटनेटकं करू नकोस!

रस्ता रुंद करणारी माणसं आली होती. आमच्या घराशेजारच्या नाक्यावरचा कवयित्रीचा स्तंभ काढणार म्हणे. दोन हजार वर्षांपूर्वीची तमिळ बाई ती, राजांना तोंडावर सुनवायची. तिचा मान म्हणून गावाने उभा केलेला दगड. घडवला आमच्या ह्यांनी — चार महिने नुसते घासत होते. मला म्हणायचे, "ही बरी, ऐकून घेते." त्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय.

कुठे नेणार, विचारलं. इंजिनियर म्हणाला, "गोदामात, आजी."

गोदामात!

तै ५, शनिवार

पहाटे जाऊन दगडाला हळद फासली. कडुलिंबाचे डहाळे बांधले, माझी तांबडी साडी नेसवली. दुपारपर्यंत बायकांनी अकरा नारळ फोडले. नुसती कवयित्री होती तोवर कुत्रं फिरकत नव्हतं!

तै ८, मंगळवार

इंजिनियर आला तो चपला काढूनच. भित्रा आहे, बरं झालं.

"आजी, ही देवी कधी झाली?"

"तुला आज दिसली, त्याला मी काय करू?"

हुकूम काढून दगड हलवता येतो. देवीला विचारावं लागतं. शुक्रवारी फुलांचा कौल लावायचं ठरलं. पांढरं निघालं तर ती हलायला तयार, तांबडं निघालं तर नाही.

तै ११, शुक्रवार

केळीच्या पानाच्या दोन पुड्या मीच बांधल्या. त्याने डोळे मिटून एक उचलली. तांबडी कण्हेर! बायकांनी एकच गलका केला. दुसरी पुडी मी लगेच तळ्यात सोडली.

तिच्यातही तांबडीच होती. — हे बारीक अक्षरात लिही.

तेन्मोळीचा हात थांबलाय. "आत्या, पाप लागेल हो!"

लागू दे. वर गेल्यावर ह्यांच्याशी बोलून घेईन.

तै १४, सोमवार

विशेष काही नाही. इंजिनियर मोजायची फीत घेऊन हिंडतोय.

तै १६, बुधवार

रस्ता आता दगडाला वळसा घालणार. चुन्याची रेघ आमच्या चुलीवरून गेलीय. घरच जाणार. बदली जागा तळ्यापलीकडे. इंजिनियरने हात जोडले, "देवीचाच कौल, आजी. मी काय करणार?"

तेन्मोळी म्हणते, "आत्या, त्या दुसऱ्या पुडीचं सांगून टाका ना."

लिही — भांडी बांधायला घेतली.