प्रत्येक बंदरात खुर्ची

६ फेब्रुवारी

…आणि मी उशांचे अभ्रे बदलत होते. त्या सकाळचं तेवढंच नीट आठवतं. दूध तापवून झालं होतं, ओट्यावरचं फडकं पिळून वाळत टाकलं होतं, बादलीत कपडे भिजत होते. आतल्या खोलीतून मी ओरडून विचारलं, "अहो, चहा परत ठेवू का?" उत्तर नाही. म्हटलं, पेपरात तोंड खुपसून बसले असतील. दुसऱ्या उशीलाही अभ्रा घातला, मग बाहेर आले. खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

आज बोटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या हे कशाला आठवावं? आठवलं ते चित्रामुळे. मुलाने खोलीत आल्यावर एक पुस्तिका हातात दिली. कुठल्या बंदरात उतरून काय बघायचं, त्या सहली त्यात आहेत. प्रत्येक सहलीपुढे छोटं चित्र. चढणारा माणूस म्हणजे दमछाक, चालणारा माणूस म्हणजे बेताचं, आणि खुर्ची म्हणजे नुसतं बसून बघायचं. माझ्या नावापुढे प्रत्येक बंदरात खुर्ची!

"आई, सगळी सोय केलीय. आम्हीही तुझ्याबरोबरच. बसमधून उतरायचीसुद्धा गरज नाही."

उतरायची गरज नाही! मग इतक्या लांब आणलंस तरी कशाला रे बाबा?

७ फेब्रुवारी

दिवसभर नुसता समुद्र. पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. शाळा चौथीत सुटली माझी. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर शिकले. बारीक अक्षरं कुणी वाचत नाही, म्हणून मी आधी तीच वाचते. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलंय — आदल्या संध्याकाळपर्यंत सहल बदलता येते.

चिरंजीवांनी ते वाचलेलं दिसत नाही.

८ फेब्रुवारी

पहिलं बंदर. बसने गेलो, बसने आलो. काचा बंद, आत गारठा, बाहेर माणसं घामाने निथळतायत. माइकवरची बाई म्हणते, "डावीकडे पाहा!" आपण मान वळवेपर्यंत ते मागे गेलेलं. एकदाच उतरवलं, ते दुकानापाशी. मुलगा घटकेघटकेला विचारत होता, "आई, बरी आहेस ना?" बसून राहिल्यावर काय होणार आहे मला?

हे विजेचे मीटर वाचायचे. जिने, गल्ल्या, आवारं, आयुष्यभर चालले. रविवारीसुद्धा घरात टिकायचे नाहीत. मग छातीत दुखलं, रस्त्यातच कोसळले. मुलगा डॉक्टरांकडून निरोप घेऊन आला, "बाबांचं चालणं बंद." संपलं! दीड वर्ष त्या खुर्चीत. खिडकीतून रस्ता बघायचे. मी म्हणायचे, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येऊ. मुलगा म्हणायचा, "आई, हट्ट करू नकोस."

हट्ट! ते दीड वर्ष मुलाने घेतलं ह्यांच्याकडून. तोंडाने कधी बोलले नाही. इथे लिहिते.

९ फेब्रुवारी

सकाळीच सहलींच्या खिडकीवर गेले. तिथली मुलगी गोड आहे, पण माझ्या केसांकडे बघून बोलते.

"आजी, ही पाण्यातली आहे हं. तोंडावर काच लावून, नळीने श्वास घेत, प्रवाळ बघायचं."

"मला वाचता येतं."

"पोहता येतं?"

"तळ्यात शिकले. तुझी आईसुद्धा जन्मली नसेल तेव्हा."

हसली. मग म्हणाली, "जोडीदार कोण?" म्हणे पाण्यात एकट्याला सोडत नाहीत. दोघादोघांनी उतरायचं, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. नियमच आहे.

"नाही मला जोडीदार."

"मग नाही देता येणार, आजी."

काय तोंडात मारल्यासारखं झालं! लग्नाच्या पंगतीत ऐकलं, घर भाड्याने मागताना ऐकलं. आता समुद्रानेही विचारावं, तुमचे हे कुठे?

मी काही बोलायच्या आत मागून मोठ्ठा आवाज आला, "तिला माझ्या नावापुढे घाल! मलाही कुणी नाही, नि मलाही कालपासून हाकलतेयस तू!" आमच्याच जेवणाच्या टेबलावरच्या शिंपीणबाई. एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून जगाला ऐकू जाईल असं बोलतात.

झालो आम्ही जोडी!

दुपारी मुलाला कळलं. "आई, वेड लागलंय का तुला? काही झालं म्हणजे?" सूनबाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना आईंना." "तू मध्ये पडू नकोस," म्हणून तिच्यावरच खेकसला. मी टॉवेलची घडी घातली, पिशवीत टाकली.

१० फेब्रुवारी

गेले! उतरले! पाहिलं!

नाकात खारं पाणी गेलं, घसा जळला, पहिल्यांदा तर घाबरून शिंपीणबाईंचा दंडच धरला. त्यांनी ठरवून दिलं होतं, हात एकदा दाबला तर ठीक, दोनदा दाबला तर वर. मी दोनदा दाबला. वर आलो. "परत?" त्या ओरडल्या. "परत!" मीही ओरडले.

खाली एक सबंध गाव नांदत होतं. झुडपांसारखे दगड, दगडांसारखी झुडपं, आणि मासे आपल्या कामात, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. एक मासा इतका निळा की शिंपीणबाई वर येऊन म्हणाल्या, "ह्या रंगाचं दोऱ्याचं रीळ मिळत नाही हो कुठे!"

परतताना शिंपीणबाई होडीत म्हणाल्या, "नवरा गेल्यावर सगळ्यांनी मला हळू चालायला शिकवलं. पाय माझे गेले होते का?"

मुलगा धक्क्यावर उभा होता, उन्हात, टोपी न घालता. मी दिसले तसा वळून निघून गेला.

११ फेब्रुवारी

चिरंजीव बोलत नाहीत. नका बोलू.

१२ फेब्रुवारी

उद्या शेवटचं बंदर. तिथे डोंगर चढून धबधब्याच्या माथ्यावर नेतात. चढणाऱ्या माणसाचं चित्र. सकाळीच बस काढून टाकली आणि ते घेतलं. शिंपीणबाई आहेतच.

जेवताना सांगितलं. मुलाने ताट सरकवलं. "नाही म्हणजे नाही. डोंगर नाही."

मग माझा तोल गेला. इतकी वर्षं गिळलेलं बाहेर पडलं. म्हटलं, "तुझ्या बाबांना खुर्चीत बसवून संपवलंस. आता माझा नंबर का?"

तो पांढराफटक पडला. सूनबाईच्या हातातला चमचा खाली पडला. ती त्याला म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. किती दिवस ऐकून घेणार?"

"नको."

"मग मी सांगते."

शेवटी त्यानेच सांगितलं, टेबलाकडे बघत. डॉक्टरांनी चालणं बंद केलंच नव्हतं. उलट, रोज हळूहळू चाला म्हणाले होते. हेच घाबरले होते. रस्त्यात पडले, भोवती माणसं जमली, चपला कुणीतरी हातात आणून दिल्या, तेव्हापासून दाराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की ह्यांचे हातपाय थरथरायचे. मुलाला म्हणाले, "आईला सांग, डॉक्टरांनी नको म्हटलंय. तिच्यासमोर मला भित्रा ठरायचं नाही."

"आणि तू ऐकलंस?"

"बाबा रडत होते, आई."

मी ह्यांना रडताना कधी पाहिलं नाही. मुलाने पाहिलं. आणि वर माझं बोलणंही ऐकत राहिला. मी बोलत नव्हते म्हणते, पण कपबशी आपटून ठेवायचे ते त्याला ऐकू येत नव्हतं का?

दुपारभर जिन्याजवळच्या बाकावर बसले. राग मावळला नाही, फक्त त्याचं तोंड वळलं. अहो, तुमचे सदरे धुतले, तुमचं पथ्य सांभाळलं, तुमच्या शेजारी जन्म काढला. घाबरलेले तुम्ही मला चालला असता! मी हात धरून नेलं असतं कोपऱ्यापर्यंत. पोराच्या गळ्यात कशाला टाकलंत?

सूनबाई चहा घेऊन आली. शेजारी बसली. मी म्हटलं, "प्रत्येक बंदरात खुर्ची निवडतो, ती माझ्या काळजीने?"

म्हणाली, "आई, कुणी धाप लागून थांबलेलं दिसलं ना, तरी ह्यांना घाम फुटतो. बाबांसारखीच भीती बसलीय, त्यांना स्वतःलाच चढवत नाही आता कुठे."

१३ फेब्रुवारी

काल संध्याकाळी खिडकीवर जाऊन डोंगर रद्द केला. "आजी, तुम्ही? आणि बस?" मुलीला वाटलं, मी थट्टा करतेय. शिंपीणबाई म्हणाल्या, "मी चढून येते, तुम्हाला सगळं सांगते," आणि खरंच गेल्या.

बसमध्ये मुलाला खिडकीजवळ बसवलं. वळणं लागली तसा तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. डोंगराच्या पायथ्याशी, धबधब्यासमोर बस थांबली. सगळे उतरले, सूनबाईसुद्धा. मी खांदा न हलवता बसून राहिले.