आवाज न करणारा पंप

४ फेब्रुवारी २०१८, रविवार
आलो. दारात आई-अण्णा. माला नाही!
आई म्हणाली, "गेली कोथरूडला, बापाकडं. मला काय इचारतोस? बायको तुझी, इचार तिलाच."
फोन लावला. "आलात? बरं झालं. जेवून घ्या." एवढंच. ठेवला.
लग्नाला वर्ष नाही झालं. त्यातलं बरंचसं मस्कतला पाइप उचलण्यात गेलं. रजा थोडी. तिला परत आणल्याशिवाय विमानात बसणार नाही – इथं लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी
डोळ्याला डोळा नाही. आठवत पडलो, तिनं कधी काही मागितलं का? एकच गोष्ट. फोनवर म्हणाली होती, "अहो, शॉवरचं काहीतरी करा ना. फार बारीक येतो." मी हसलो. म्हटलं, कोथरूडची राणी, बादली आहे की! पुढच्या फोनलाही शॉवरच. मग मागायचीच बंद झाली.
आज सोडून बघितला. करंगळीएवढी धार, तीही भिंतीला चिकटून. टाकी बाथरूमच्या डोक्यावरच स्लॅबला टेकलेली. पाण्याला जोर येणार कुठून?
ठरलं. आधी शॉवर. मग तिला आणायला जायचं. रिकाम्या हातानं काय जाऊ?

७ फेब्रुवारी
अण्णांना म्हटलं, लोखंडी स्टँड करू, टाकी वर उचलू. पाणी आपोआप जोरात येईल.
अण्णा ताडकन – "भैरोबाच्या कळसाच्या वर आपली टाकी? मी जित्ता हाय तवर नाय!"
"समोर अकरा मजली बिल्डिंग झाली, ती काय कळसाखाली आहे?"
"ती बिल्डरची. त्याला लाज नाय. मला हाय."
संपलं. मग पंपच.

९ फेब्रुवारी
सिराजभाईंच्या दुकानात गेलो. मी मोठ्या पंपाला हात लावला तर म्हणाले, "बाथरूम किती?" एक. "मग हा कशाला? सायकलला ट्रकचं इंजिन लावणार? पाइप फुटतील."
दोन दाखवले. एक स्वस्त, दणकट, पण चालू केला की घर्रर्र – फळीवरचे नळ नाचायला लागले! दुसरा छोटा. नळ सोडला की आपोआप सुरू, बंद केला की बंद. "हात न लावता सांगा, चालू आहे का बंद?" खरंच कळेना.
शॉवर बायकोसाठी, असं मी बोलून गेलो. तर म्हणाले, "मग त्यांना विचारून या. लोक अंदाजानं नेतात आणि बदलून मागायला येतात."
म्हटलं, सरप्राइज आहे.
"सरप्राइज? मग पावती सांभाळा."

१० फेब्रुवारी
मालानं फोन उचलला नाही.

१२ फेब्रुवारी
आईनं निकाल लावला. "ती घरघर नको हां मला. न्हाणीची भिंत सैपाकघराला लागून हाय. भाकरी थापताना डोकं उठंल."
बरोबरच आहे तिचं. बिनआवाजाचा घेतला.

१६ फेब्रुवारी
अय्युब प्लंबर येऊन बसवून गेला. शॉवर सोडला – बापरे! पाठीवर गारा पडल्यासारख्या! अण्णा दारातून, "पाणी हाय का पोलिसाचा दंडुका?" आईनं ढुंकून बघितलं नाही. "मला माझी बादली बरी."
पंपाचा आवाज शून्य. पण पाणी फरशीवर असं आपटतं की आईनं जेवायला हाक मारली ती ऐकूच आली नाही. तेवढा एकच दोष.

१८ फेब्रुवारी, रविवार
कोथरूडला गेलो. सासरे पेपरमधून तोंड वर न करता म्हणाले, "शॉवर बसवलात? वा. आमच्याकडे आहे. नळही आहेत."
माला चहा ठेवून उभी राहिली. वाळली आहे. म्हणाली, "गुरुवारी येते. कपडे राहिलेत माझे."
मला त्यातलं 'येते' एवढंच ऐकू आलं. शीळ घालत घरी आलो, गाढव!

२२ फेब्रुवारी, गुरुवार
गुरुवार! इथं दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात ती गुरुवारीच; आज सकाळपासून नाही. मस्कतला राहून विसरलोच होतो.
आली. मी आधी तिला बाथरूममध्येच नेलं. नळ फिरवला. करंगळीएवढी धार. भिंतीला चिकटून.
म्हटलं, अगं, लाईट नाही म्हणून. पंप बसवलाय. भारीतला! जरासुद्धा आवाज नाही. चालू आहे हे बाहेर कुणाला कळणारपण नाही. मुद्दाम तसलाच आणला.
ती मग हळू म्हणाली, "आवाज नाही? अहो, मला आवाजच हवा होता."
मला कळेना.
"या घरात रडायला दुसरी जागा कुठं होती? आणि भिंतीपलीकडं आई. करंगळीएवढ्या पाण्यात काय झाकतंय? जेवायला बसलं की त्यांचं सुरू – 'आज कुनाच्या नावानं गळा काढला?' रोज."
मी म्हटलं, पाण्याचा आवाज होतो गं! खूप होतो! संध्याकाळी लाईट येईल, थांब, ऐकून तरी जा.
"नको. तिकडं रडावंच लागत नाही आता."
पिशवी भरली. फोन करू नका म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाया पडली. आई परातीसमोर बसलेली, हाताला पीठ सुकलेलं. तवा नुसताच तापत होता. भिंतीपलीकडं सगळं ऐकू गेलं होतं.
रिक्षा वळली. थोड्या वेळानं लाईट आली.

२३ फेब्रुवारी
आईनं ताट पुढं सरकवून दिलं. मी जेवून उठलो.

२६ फेब्रुवारी
आज निघायचं. बॅग दारात.
आई म्हणाली, "जरा न्हाऊन घेते." बादली बाहेरच राहिली. आत शॉवर पूर्ण सोडला. बराच वेळ. अण्णा ओरडले, "टाकी रिकामी करतीस काय गं?" आत फक्त पाणी आपटत होतं.
बाहेर आली. केस कोरडे. अंगावर तेच लुगडं, कोरडं.